दिवा लावणाऱ्याचे दायित्व

लिफ्टचे दार उघडते. अंगावर चिलखती जाकिटे चढवलेले आणि हातात मशीनगन घेतलेले काही जण विमानतळाच्या प्रशस्त दालनात पाऊल ठेवतात. समोर तपासणीच्या रांगेत सामान घेतलेले प्रवासी उभे आहेत. क्षणभर कोणालाच काही कळत नाही. मग गोळीबार सुरू होतो. रांग कोसळते, लोक सैरावैरा धावतात, जखमी माणसे फरशीवर सरपटत राहतात आणि हल्लेखोर मात्र संथ पावलांनी, कोणतीही घाई न करता पुढे चालत राहतात. त्या हल्लेखोरांपैकी एक म्हणजे स्वतः खेळणारा. त्याच्या हातातील कळ दाबली की समोरचा प्रवासी पडतो.

हे दृश्य ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ या व्हिडिओ गेममधील आहे. १० नोव्हेंबर २००९ रोजी तो जगभरात विक्रीस आला. त्या दिवशी मुंबईवरील २६/११च्या हल्ल्याला वर्ष पूर्ण व्हायला सोळा दिवस उरले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दालनात लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर दोन पाकिस्तानी दहशतवाद्यांनी याच संथपणे गोळ्या झाडल्या होत्या आणि तेथे पन्नासहून अधिक माणसे जागीच गेली होती. त्या संपूर्ण हल्ल्याने १६६ जणांचे बळी घेतले. गेममधील विमानतळ रशियातील होता आणि काल्पनिक होता. मुंबईशी त्याचा संबंध नव्हता. तरीही ज्या शहराने ते दालन रक्ताने भरलेले पाहिले, त्या शहरातील एखाद्या घरात चौदा वर्षांचा मुलगा सोफ्यावर बसून, बशीतला चिवडा खात, तेच कृत्य स्वतःच्या बोटांनी करतो ही कल्पना अस्वस्थ करणारी आहे. आणि प्रश्न केवळ त्या मुलाचा नाही. ते दालन, ती रांग, ते सरपटणारे देह कोणीतरी विचारपूर्वक, महिनोन्‌महिने खपून घडवलेले होते. त्या घडवणाऱ्याचे दायित्व कोणते, हा खरा प्रश्न आहे.

निर्मात्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. हा प्रसंग वगळून पुढे जाण्याची सोय गेममध्ये होती आणि तशी सूचना आरंभीच दिली जात होती. कथेप्रमाणे खेळणारा हा दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला गुप्तहेर होता आणि प्रवाशांवर गोळी झाडणे त्याला सक्तीचे नव्हते. गेमच्या वेष्टनावर प्रौढांसाठी असल्याचा शिक्का होता. दहशतवादाची भीषणता जाणवावी म्हणूनच हा प्रसंग घातला, असे समर्थन करता येते आणि ते अगदीच पोकळ नाही. पण याच गेमच्या बाबतीत घडलेली दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. जर्मनी आणि जपानमधील आवृत्तीत खेळणाऱ्याने निरपराध प्रवाशावर गोळी झाडली की तो टप्पा तिथेच अपयशी ठरत असे. रशियासाठीच्या आवृत्तीतून तर तो संपूर्ण प्रसंगच काढून टाकण्यात आला. म्हणजे निःशस्त्र माणसावर गोळी झाडणाऱ्याला खेळ थांबवून दाखवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते, कथेलाही ते मानवत होते आणि कंपनीने ते करूनही दाखवले. मात्र जिथे कोणी विचारले, तिथेच केले. भारतात असे विचारणारे मंडळच नव्हते. उत्तर अमेरिका आणि ब्रिटन मिळून पहिल्या चोवीस तासांत या गेमच्या सुमारे ४७ लाख प्रती विकल्या गेल्या. एवढ्या मोठ्या व्यवसायाला सदसद्विवेक परवडत नव्हता, असे कोण म्हणेल?

व्हिडिओ गेमच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले, तर रक्ताचा रंग हा बाजाराच्या सोयीने बदलत आल्याचे दिसते. १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम घराघरांतील यंत्रांवर आला. निन्टेन्डो कंपनीने आपल्या यंत्रावरील आवृत्तीत रक्ताऐवजी घामाचे राखाडी थेंब उडताना दाखवले. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या आवृत्तीत कळांचा एक विशिष्ट क्रम दाबला की रक्त दिसू लागे आणि तो क्रम मुलांमध्ये षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. १९९७ साली ‘कार्मगेडन’ या गेममध्ये पादचाऱ्यांना मोटारीखाली चिरडण्याचे गुण मिळत. ब्रिटनमध्ये त्याला प्रमाणपत्र नाकारले गेले, तेव्हा माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची प्रेते चालू लागली. पुढे अपिलात मूळ आवृत्तीला परवानगी मिळाली. १९९८च्या ‘हाफ-लाइफ’मधील सैनिक जर्मनीत यंत्रमानव झाले. २०१९ साली चीनमध्ये टेन्सेंट कंपनीने ‘पबजी’च्या जागी आणलेल्या आवृत्तीत गोळी लागलेला प्रतिस्पर्धी रक्त न सांडता गुडघे टेकतो, आपले सामान खाली ठेवतो, हात हलवून निरोप घेतो आणि नाहीसा होतो. भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली. तिचे कारण देशाची सुरक्षा हे होते, हिंसा नव्हे. त्यानंतर २०२१ साली भारतासाठी म्हणून काढलेल्या आवृत्तीत रक्त हिरवे झाले आणि अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आली.

या साऱ्या उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. ‘आम्ही फक्त करमणूक तयार करतो, तिचे काय होते ते आमच्या हाती नाही’ हे विधान खरे नाही. रक्त किती, कोणत्या रंगाचे, कोणाचे, आणि ते सांडल्यावर खेळणाऱ्याला बक्षीस मिळणार की शिक्षा, हे सर्व निर्मात्याच्याच हाती असते. संगणकाच्या पडद्यावर काहीही आपोआप घडत नाही. तिथे वाऱ्याने पान हललेले दिसले तरी ते कोणीतरी हलवलेले असते.

येथे एका गोष्टीची स्पष्ट कबुली देणे आवश्यक आहे, कारण ती न दिल्याने या विषयावरील अनेक चर्चा फसल्या आहेत. हिंसक गेम खेळणारा मुलगा खुनी होतो, असे विज्ञानाने सिद्ध केलेले नाही. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा सहाध्यायी आणि एका शिक्षकाची हत्या केली. ते दोघे ‘डूम’ हा गेम खेळत, म्हणून दोष गेमच्या माथी मारला गेला. पण तोच गेम खेळणारी लक्षावधी मुले पुढे सरळ संसाराला लागली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ साली अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा हिंसक गेम आणि आक्रमक वर्तन, आक्रमक विचार यांच्यात संबंध आढळल्याचे तिने नमूद केले. मात्र प्रत्यक्ष गुन्हेगारी हिंसेशी संबंध जोडण्यास पुरेसा पुरावा नाही, हेही तिने बजावले आणि २०२० साली पुन्हा तेच अधोरेखित केले. तेव्हा दर गुन्ह्यामागे मोबाइलमधील गेम शोधणे हा आळशीपणा आहे. त्यामुळे घरातील एकटेपणा, शाळेतील छळ, दुर्लक्षित मनोविकार ही खरी कारणे झाकली जातात आणि गेमनिर्मात्यांना ‘पुरावा कुठे आहे?’ असे विचारून सुटण्याची आयती वाट मिळते.

पण खून होत नाही, एवढ्यावरून सारे निर्दोष ठरते काय? मुलाच्या हातून गुन्हा घडला नाही म्हणजे त्याच्या मनावर काहीच घडले नाही, असे कोणतेही आईवडील मानणार नाहीत. संस्कार या शब्दाचा अर्थच मुळी वारंवारतेशी निगडित आहे. रोज सायंकाळी देवापुढे दिवा लावून परवचा म्हणणारे मूल त्या एका कृतीने संत होत नाही. पण त्या कृतीचा काही ठसा उमटतो, या श्रद्धेवर आपली कुटुंबव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. शुभ कृतीची पुनरावृत्ती मन घडवते असे मानायचे आणि क्रूर कृतीची पुनरावृत्ती मनाला स्पर्शही करत नाही असे म्हणायचे, यात तर्कसंगती नाही.

आक्षेप हिंसेच्या चित्रणाला आहे, असाही गैरसमज होऊ नये. हिंदू परंपरा हिंसेपासून तोंड फिरवणारी नाही. नृसिंहाने हिरण्यकश्यपूचे पोट फाडलेले आहे, दुर्गेने महिषासुराचा वध केलेला आहे, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा कोथळा बाहेर काढल्याची कथा मराठी मुले आजीच्या मांडीवर ऐकत मोठी होतात. महाभारताचे सौप्तिक पर्व तर आजच्या कोणत्याही गेमइतके भीषण आहे. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो, झोपलेल्या धृष्टद्युम्नाला ठार करतो, द्रौपदीच्या पाचही पुत्रांना ठार करतो. व्यासांनी त्यातील काहीही लपवलेले नाही. मात्र ती कथा तिथे संपत नाही. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला जातो, त्याला शाप मिळतो, आणि कपाळावरील न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत तो अजून भटकतो आहे, असे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते. ऐकणाऱ्या मुलाला भीषणता कळते आणि त्याच वेळी तिचे मोलही कळते. झोपलेल्यावर शस्त्र चालवणारा चिरंजीव असला तरी वंदनीय नाही, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

याच्या नेमकी उलट मांडणी रॉकस्टार कंपनीच्या २००३ सालच्या ‘मॅनहंट’ या गेममध्ये होती. तेथे पाठीमागून येऊन माणसाला मारायचे असते. जितका वेळ दबा धरून थांबावे तितकी हत्या अधिक क्रूर होते आणि क्रौर्य जितके अधिक तितकी खेळणाऱ्याची श्रेणी वरची. अश्वत्थाम्याला येथे शाप नाही, शाबासकी आहे. त्याचा पुढचा भाग २००७ साली आला, तेव्हा ब्रिटनच्या मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले. अमेरिकेत त्याला केवळ प्रौढांसाठीची सर्वांत कडक श्रेणी मिळाली. त्या श्रेणीतील गेम सोनी आणि निन्टेन्डो आपल्या यंत्रांवर चालू देत नसत, म्हणून कंपनीने दृश्ये सौम्य करून तो पुन्हा सादर केला. हिंसा दाखवणे आणि हिंसेचे गुणांकन करणे यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याने लहानांसाठीच काय, मोठ्यांसाठीही खेळ रचू नयेत.

निर्मात्याच्या दायित्वाचा विचार करताना एका मराठी पत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेले ते पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, दाणागोटा जपून वापरा, या आज्ञांबरोबरच त्यात एक अगदी लहानशी वाटणारी सूचना आहे. रात्री दिवा तसाच जळता ठेवला, तर उंदीर ती पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि साऱ्या छावणीचा घात होईल, तेव्हा सावध राहा, असा तिचा आशय आहे. आग लावणारा उंदीर आहे. तरीही आज्ञा उंदराला नाही, दिवा लावणाऱ्याला आहे. आपल्या कृतीचा पुढे काय परिणाम होऊ शकेल हे आधी पाहणे आणि त्याची जबाबदारी स्वीकारणे, ही स्वराज्याच्या कारभारातील साधी शिस्त होती. आजची गेमकंपनी म्हणते, वेष्टनावर वय छापले आहे, पालकांनी पाहावे. पालकांनी पाहिलेच पाहिजे. पण वात उघडी ठेवणाऱ्याचे उत्तरदायित्व त्याने संपत नाही.

अर्थात एकट्या निर्मात्याच्या सद्‌बुद्धीवर भिस्त ठेवून चालत नाही, हाही अनुभव आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या वेळी निन्टेन्डोने संयम दाखवला, पण बाजारात सरशी रक्त दाखवणाऱ्या सेगाची झाली. पुढच्याच वर्षी गेमचा दुसरा भाग आला, तेव्हा निन्टेन्डोनेही रक्ताला वाट मोकळी करून दिली. सज्जनाला तोटा आणि स्वैराचाराला नफा, अशी रचना असेल तर सज्जनता फार काळ टिकत नाही. डिसेंबर १९९३ मध्ये सिनेटर जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल यांनी अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी घेतली. सरकारी कायदा येईल या धास्तीने उद्योगाने १९९४ साली स्वतःच श्रेणी देणारे मंडळ स्थापन केले. कायद्याची नुसती चाहूलही काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे. परंतु त्या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. तेथे कंपनीच आपल्या गेमची माहिती आणि त्यातील प्रक्षोभक दृश्यांचे चित्रण सादर करते. परीक्षक पूर्ण गेम खेळून पाहत नाहीत. हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. परीकथांतही हिंसा असतेच, असा दाखला बहुमताच्या निकालपत्रात दिला गेला. २०१८ साली ‘स्टीम’ ही संगणकावरील गेम्सची मोठी बाजारपेठ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जाहीर केले की, बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ असलेले सोडून बाकी सर्व काही आपल्या दुकानात राहील. काय विकावे हे ठरवणे आपले काम नव्हे, असा त्याचा अर्थ. दुकानदाराने स्वतःच्या फळीवरील मालाची जबाबदारी झटकावी, हे स्वातंत्र्य नव्हे. आपल्या गावातील किराणा दुकानदारही असे बोलणार नाही.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने कंठशोष करणाऱ्यांना हे सारे ‘संस्कृतिरक्षकांचे’ जुनाट रडगाणे वाटेल. त्यांनी निदान या गेम्स घडवणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. ‘मॅनहंट’वरून कंपनीत जवळजवळ बंडाची वेळ आली होती, असे रॉकस्टारच्याच एका माजी कर्मचाऱ्याने पुढे लिहिले. २०१९ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’वर काम केलेल्या एका व्यक्तीने नाव न सांगता आपला अनुभव प्रसिद्धीस दिला. हत्येची दृश्ये हुबेहूब व्हावीत म्हणून खऱ्या हिंसेची छायाचित्रे आणि चित्रफिती पाहाव्या लागत. त्यातून भयंकर स्वप्ने पडू लागली, झोप टाळावीशी वाटू लागली आणि अखेर मानसोपचार घ्यावे लागले, असे त्या व्यक्तीने सांगितले. जे घडवताना घडवणाऱ्याची झोप उडते, ते पाहणाऱ्याच्या मनावर काहीच करत नाही, हे म्हणणे पटणारे नाही.

आणि आता हा विषय परदेशातील कोणा अनोळखी कंपनीपुरता राहिलेला नाही, ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने २००८ साली पुण्यातील स्टुडिओ विकत घेतला आणि पुढे मुंबईतही काम सुरू केले. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही १९९७ साली स्थापन झालेली भारतीय कंपनी २०१९ साली रॉकस्टारने घेतली. ‘मॅनहंट’ आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ काढणारी तीच ही कंपनी. पुणे, मुंबई, बंगळूर येथील हजारो तरुण-तरुणी आज या क्षेत्रात चित्रे काढतात, आज्ञावली लिहितात, चाचण्या घेतात. त्यांतील कित्येक जण सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरांतून आलेले आहेत. कोणी बालपणी शाखेत गेलेला असेल, कोणी ज्ञानप्रबोधिनीत शिकलेली असेल. मुलगा ‘गेमिंग’मध्ये आहे आणि वेतन उत्तम आहे, हे नातेवाइकांत कौतुकाने सांगितले जाते. तो नेमके काय घडवतो, हे मात्र विचारले जात नाही. पूर्वी गावात लोहाराला विळाही करता येई आणि तलवारही. पण कोणाच्या हाती काय द्यायचे, याचे भान त्याच्या व्यवसायाचाच भाग होते. संगणकासमोर बसलेल्या आजच्या कारागिराला ते भान नको काय?

नोकरदार तरुणाने काय करावे, हा प्रश्न सोपा नाही. घराचे हप्ते असतात, वरिष्ठांचा शब्द मोडवत नाही आणि हजार जणांच्या गटात एकाच्या नकाराने गेम थांबत नाही. तरीही काही गोष्टी त्याच्या हाती असतात. निःशस्त्राला मारल्याबद्दल गुण का द्यायचे, हा प्रश्न बैठकीत विचारता येतो. लहान मुले खेळणार हे ठाऊक असताना रक्ताचे दृश्य बंद ठेवून ज्याला हवे त्यालाच ते सुरू करता यावे, एवढी रचना सुचवता येते. शरण आलेल्याला सोडून देण्याचा पर्याय खेळात ठेवता येतो. जर्मनी आणि जपानसाठी जे करता आले, ते सर्वांसाठी का नको, असे विचारायला धाडस लागते. पण त्यासाठी वेगळे तंत्रज्ञान लागत नाही. युद्धातही निःशस्त्रावर, पळणाऱ्यावर, शरणागतावर वार करू नये, हे नियम कुरुक्षेत्रावर दोन्ही पक्षांनी आधी ठरवले होते. ते पुढे मोडले गेले, आणि जिथे मोडले गेले तिथे महाभारतकारांनी ते अधर्म म्हणून नोंदवले. खेळाच्या आज्ञावलीतही धर्म आणि अधर्म यांची नोंद ठेवता येते.

ती ठेवूनही उत्तम गेम तयार होतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या भारतीय स्टुडिओने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम काढला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ही कथा. दुर्गा आणि विष्णू तिच्या वाटचालीचे निवेदन करतात. पहाडी चित्रशैलीची छटा, राजस्थानी वास्तूंची भव्यता आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा यांनी तो नटलेला आहे. त्यात लढाई आहे, शस्त्रे आहेत, असुरांचा संहारही आहे. पण राजी लढते ती भावासाठी. निरपराधाचे रक्त सांडण्यात तिला आनंद नाही. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या मंडळींचा प्रयत्न आधी फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. जगातील गेमक्षेत्राच्या त्या वर्षीच्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळाले. अशा प्रयत्नांकडे समाजाचे लक्ष किती? हिंसक गेमच्या निषेधाचे निवेदन देणारे हात पुष्कळ असतात. चांगला गेम पैसे देऊन विकत घेणारे हात कमी पडतात. चांगल्या निर्मात्याला गिऱ्हाईक मिळवून देणे हीसुद्धा समाजाची जबाबदारी आहे. निन्टेन्डोचा संयम हरला तो ग्राहकांमुळेच.

शासनाचे काम याहून स्पष्ट आहे. चित्रपटासाठी भारतात १९५२चा कायदा आहे आणि २०२३च्या दुरुस्तीने त्यात सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पेही आले. घरबसल्या पाहायच्या मालिका-चित्रपटांसाठी २०२१च्या नियमांनी वयानुसार वर्गवारी सक्तीची केली. २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि असंख्य कुटुंबांना कर्जाच्या खाईत लोटणाऱ्या या धंद्याला लगाम घातला, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्याचा मुख्य रोख पैशावर आहे. पडद्यावरील क्रौर्याच्या वर्गवारीचा प्रश्न त्याने सुटत नाही. मोबाइलवरील गेमला आज जी वयश्रेणी दिसते, ती बहुधा निर्मात्यानेच भरलेल्या प्रश्नावलीतून आपोआप निघालेली असते. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार आहे. ज्या देशात दोन तासांचा चित्रपट तपासला जातो, तेथे शंभर तास खेळला जाणारा गेम कोणीच तपासू नये, ही विसंगती दूर झाली पाहिजे. हे सरसकट बंदीचे आवाहन नाही. बंदी घातलेली वस्तू मुले मित्राच्या मोबाइलवरून मिळवतातच. गरज आहे ती भारतीय भाषांत लिहिलेल्या, पालकाला वाचताक्षणी कळणाऱ्या, तपासून दिलेल्या श्रेणीची आणि चुकीची माहिती भरणाऱ्या कंपनीला दंड करणाऱ्या व्यवस्थेची. जर्मनीच्या कायद्याने अशा श्रेणीला बंधनकारक स्वरूप दिले आहे. तेथे गेमउद्योग बुडालेला नाही.

राहता राहिले घर. पालकांच्या उदासीनतेकडे बोट दाखवून कंपन्या सुटू पाहतात, याचा अर्थ पालक निर्दोष आहेत असा नाही. मूल शांत बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देणारे हात आईवडिलांचेच असतात. मुलाच्या शेजारी अर्धा तास बसून तो काय खेळतो ते पाहणे, ‘याला का मारलेस?’ असे सहज विचारणे, याला तंत्रज्ञानाचे ज्ञान लागत नाही. वीस ओरडून बंद करण्यापेक्षा एक असा प्रश्न अधिक परिणाम करतो. संध्याकाळच्या मैदानावर कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलालाही ईर्षा असते, जिंकण्याची उर्मी असते, पडणे-आपटणे असते. पण तेथे पाडलेल्याला हात देऊन उठवावे लागते, कारण उद्या त्याच्याशीच खेळायचे असते. पाडलेला माणूस पुन्हा उठतो आणि तो आपला सोबती असतो, ही शिकवण कोणत्याही पडद्याहून मैदान चांगली देते. ती मैदाने वस्त्यावस्त्यांतून राखणे, तेथे रोज मुले येतील असे पाहणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

शेवटी प्रश्न त्या घडवणाऱ्याकडेच परत येतो. विमानतळावरील ती रांग कोणीतरी रेखाटली, त्या प्रवाशांच्या किंकाळ्या कोणीतरी ध्वनिमुद्रित केल्या, गोळी लागल्यावर देह कसा कोसळावा हे कोणीतरी ठरवले. उद्या तो कोणीतरी आपल्याच घरातील, आपल्याच गल्लीतील असू शकेल. त्याला घरी आल्यावर पगाराच्या जोडीने एवढे विचारले जावे, की आज तू काय घडवलेस आणि ते तू आपल्या धाकट्या भावाच्या हाती देशील काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याला मान खाली न घालता देता येईल, त्याने निश्चिंत मनाने काम करावे. इतरांनी निजण्यापूर्वी एकदा उठून, आपण लावलेला दिवा कुठे ठेवला आहे, ते पाहून यावे.